घरात आणखी कोणाला होता?

मेंदूविकारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा गेलं की केसपेपरवर एक प्रश्न हमखास येतो : घरात आणखी कोणाला कंपवात होता का? वडिलांना घेऊन आलेली मुलगी आजी-आजोबा, काका-आत्या सगळे आठवून पाहते आणि ‘नाही’ म्हणते. डॉक्टर पुढे लिहू लागतात. तपासणी आटोपते, गोळ्या लिहून होतात, आणि वडील चपला घालायला बाहेर गेले की तीच मुलगी हळूच विचारते, “मग मला होईल का हो?”

या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दोनदा फिरवलं आहे. आधी म्हणाले, वंशाशी याचा काही संबंध नाही. मग म्हणाले, मूळ जनुकांतच आहे. आज जे उत्तर हाती आहे ते या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचं आहे, पण त्या मुलीला धीर देणारं आहे. म्हणून ते कसं सापडलं तिथपासूनच सांगायला हवं.

आजार थोडक्यात असा. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक पट्टा असतो. मेंदू कापून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांनाही काळसर दिसतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि त्या डोपामिनवर आपल्या हालचालींची सहजता अवलंबून असते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, या पेशी मरत जातात. हात थरथरणं, अंग ताठरणं, पाऊल न उचलणं, अक्षर बारीक होत जाणं ही लक्षणं दिसू लागतात तेव्हा त्यांतल्या पुष्कळ पेशी आधीच गेलेल्या असतात. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं हे तर त्याआधी कित्येक वर्षं चालू असू शकतं. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सनने अवघ्या सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यांतले काही त्याने रस्त्याने जाताना पाहिले होते. कारण मात्र त्याला सांगता आलं नव्हतं.

कारण शोधायचं तर जुळ्यांकडे जावं, हा जुना मार्ग. एकबीज जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. एकाला आजार झाला आणि तो जनुकांमुळेच असेल, तर दुसऱ्यालाही व्हायला हवा. १९८३ मध्ये रॉजर डुव्हॉइसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जुळ्यांचा अभ्यास छापला. एकबीज जुळ्यांच्या ४३ जोड्यांपैकी फक्त एका जोडीत दोघांनाही निश्चितपणे पार्किन्सन होता. निकाल स्वच्छ वाटला : वंशाचा हात नाही.

नेमक्या त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने जबरदस्त पुरावा आला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या परिसरात काही तरुण माणसं अचानक पुतळ्यासारखी थिजली. बोलता येईना, हलता येईना. विल्यम लँगस्टन या मेंदूविकारतज्ज्ञाने माग काढला तेव्हा कळलं की सगळ्यांनी चोरून बनवलेलं एकच नशेचं द्रव्य टोचून घेतलं होतं. बनवणाऱ्याच्या चुकीमुळे त्यात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं. मेंदूत गेल्यावर या रसायनाचं रूपांतर होतं आणि ते रूप नेमकं डोपामिन पेशींत ओढलं जातं. आत शिरून ते पेशीची वीजघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बंद पाडतं. वृद्धापकाळी वर्षानुवर्षं सरपटत येणारा आजार इथे काही दिवसांत उभा राहिला होता. आणि शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट खटकली. मेंदूत तयार होणारं ते रूप रेणूच्या बांधणीत पॅराक्वाट या तणनाशकाशी विलक्षण मिळतंजुळतं होतं. आता सगळ्यांची नजर बाहेरच्या जगाकडे वळली : हवा, पाणी, शेत, कारखाना.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. जुळ्यांवरून ‘वंशाचा हात नाही’ म्हणणारे तेच डुव्हॉइसिन, न्यू जर्सीत लॉरेन्स गोल्बी यांच्याबरोबर काम करताना, एका कुटुंबापाशी येऊन थांबले. या घरातल्या एका पाठोपाठ एक पिढ्यांना पार्किन्सन होत होता, आणि पुष्कळांना पन्नाशीच्या आत. मूळ शोधत गेल्यावर सगळे धागे दक्षिण इटलीतल्या डोंगरावरच्या काँतुर्सी या लहानशा गावात पोहोचले. वंशवेलीत सुमारे साठ रुग्ण निघाले. आपला आधीचा निष्कर्ष बाजूला ठेवून पुराव्यामागे जाणारी अशी माणसं होती म्हणून १९९७ मध्ये मिहाएल पॉलिमेरोपुलोस यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावरचा तो दोष सापडला. अल्फा-सायन्यूक्लीन हे १४० अमिनो आम्लांच्या साखळीचं प्रथिन. त्यातली ५३ व्या जागेवरची एक कडी बदलली होती. एवढंच.

एका गावाच्या एका घराण्यातली ही गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मारिया ग्रात्सिया स्पिलांतीनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात कोणालाही आजार नसलेल्या, साध्या रुग्णांच्या मेंदूपेशींत ज्या गाठोळ्या दिसतात त्या याच प्रथिनाच्या असतात. म्हणजे काँतुर्सीच्या लोकांत जे प्रथिन जन्मतःच बिघडलेलं होतं, तेच इतरांमध्ये म्हातारपणी बिघडत होतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक घराणं सापडलं. त्यांच्या प्रथिनात दोष नव्हता, फक्त त्याच्या जनुकाच्या जादा प्रती होत्या. प्रथिन चांगलं, पण गरजेपेक्षा जास्त. तेवढ्यानेही आजार झाला.

मग जुळ्यांचं काय? तो अभ्यास चुकीचा होता का? चुकीचा नव्हता, अपुरा होता. १९९९ मध्ये कॅरोलाइन टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जवळजवळ वीस हजार जुळ्या सैनिकांची नोंदवही तपासली. एकूण पाहता एकबीज आणि द्विबीज जुळ्यांत फारसा फरक नव्हता. पण ज्यांना आजार पन्नाशीच्या आत झाला त्यांना वेगळं काढलं तेव्हा चित्र पालटलं. एकबीज जोड्या तिथे फक्त चार होत्या, आणि चारही जोड्यांत दोघेही आजारी होते. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी जुळ्यांच्या मेंदूची पेट चाचणी केली. वरून ठणठणीत दिसणाऱ्या जुळ्या भावंडांतही पुष्कळांचं डोपामिन घटलेलं निघालं. एकबीज जोड्यांत हे प्रमाण ५५ टक्के होतं, द्विबीज जोड्यांत १८ टक्के. एकाचा हात आज थरथरतो आणि दुसऱ्याचा नाही, म्हणजे दुसरा सुटला असं नसतं. तो पाच-दहा वर्षं मागे असू शकतो. पुढे स्वीडनमधल्या जुळ्यांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांश काढला गेला. शून्य नव्हे, आणि शंभर तर नव्हेच.

या एक तृतीयांशाचा अर्थ नीट कळायला ‘डार्डारिन’ या प्रथिनाची गोष्ट उपयोगी पडते. एलआरआरके-२ हे जनुक २००४ मध्ये सापडलं. त्याचे रुग्ण बहुतेक स्पेनच्या बास्क प्रदेशातले होते, म्हणून त्याच्या प्रथिनाला बास्क भाषेतल्या ‘दरदरा’ या शब्दावरून नाव दिलं. दरदरा म्हणजे कंप. मराठी कानाला त्यात आपली थरथर ऐकू येते. या जनुकातला एक विशिष्ट बदल उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांत आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये बराच आढळतो. भारतीय रुग्णांत तो फार क्वचित सापडतो.

हा बदल अंगी असलेल्या सगळ्यांनाच पार्किन्सन होत नाही. ऐंशीच्या आसपास पोहोचेपर्यंत किती जणांना होतो हे पाहायला गेलं तर अभ्यासागणिक आकडा २५ टक्क्यांपासून ७४ टक्क्यांपर्यंत हलतो. गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांची आई या आजाराने पीडित होती. आईत आणि आपल्यात हाच बदल आहे हे त्यांनी २००८ मध्ये जाहीरपणे लिहिलं, आणि आपल्याला आजार होण्याची शक्यता २० ते ८० टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे असंही लिहिलं. तेव्हा ते पस्तिशीत होते. वीस आणि ऐंशी यांच्यामध्ये केवढं मोठं मैदान पसरलेलं आहे! एकच अक्षर बदललेलं जनुक एका बहिणीला साठीत खुर्चीला खिळवतं आणि दुसरीला नव्वदीपर्यंत शिवणकाम करू देतं, तर मधल्या मैदानात बाकीची जनुकं आहेत, योगायोग आहे आणि माणसाचं जगणं आहे.

काही जनुकांचं गणित वेगळं असतं. १९९८ मध्ये जपानमध्ये सापडलेल्या पार्किन जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, बिघडाव्या लागतात. तसं झालं तर आजार चाळिशीच्या आत, कधी विशीतही येतो. नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, म्हणून तरुण रुग्णाचे आईवडील नात्यातले आहेत का हे डॉक्टर विचारतात. त्यात दोष देण्याचा हेतू नसतो. जीबीए नावाच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर धोका काही पटींनी वाढतो, पण ती प्रत बाळगणाऱ्या बहुसंख्यांना आजार कधीच होत नाही. आणि बाकी सगळ्या रुग्णांत, म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ जणांत, असा एकही ठळक दोष सापडत नाही. २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात जनुकसंचातल्या ९० जागा सापडल्या. प्रत्येक जागा धोका थोडासाच वाढवते किंवा कमी करते. हे काम मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं आहे, हे आपण भारतीयांनी लक्षात ठेवायचं.

आता मैदानाची दुसरी बाजू. इथे सगळ्यात ठोस काम झालं आहे ते शेतीतल्या रसायनांवर. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. पुढच्याच वर्षी त्याच माणसांच्या जनुकांकडे पाहिलं गेलं. आपल्या शरीरात विषारी रेणू निकामी करणारी काही विकरं असतात. त्यांतलं एक बनवणारं जीएसटीटी-१ हे जनुक युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचातल्या एकाकडे जन्मतःच नसतं. ज्यांच्याकडे ते होतं, त्यांचा पॅराक्वाटमुळे वाढलेला धोका जेमतेम दीड पट होता, म्हणजे योगायोगही असू शकेल इतका. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचा धोका अकरा पट निघाला. अभ्यास लहान होता, रुग्ण शंभराच्या आत, त्यामुळे अकरा हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण दिशा लख्ख आहे. ते जनुक नसणं हा आजार नव्हे. तणनाशक मारणं हाही आजार नव्हे. दोन्ही एका शरीरात भेटली की मात्र घात होतो.

याच लोकांवरच्या आणखी एका अभ्यासाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. त्यात हातमोज्यांबद्दल विचारलं होतं. पॅराक्वाट आणि पार्किन्सन यांचा संबंध दिसला तो फक्त त्यांच्यात, जे निम्म्याहून कमी वेळा हातमोजे घालत. नियमाने घालणाऱ्यांत तो दिसलाच नाही.

युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. भारतात ते ज्या पिकांसाठी नोंदवलं गेलं त्यांत कापूस आणि द्राक्षंही आहेत. ही दोन्ही आपली पिकं. आपल्याकडचा फवारणी करणारा मजूर उघड्या हाताने द्रावण ढवळतो, पाठीवरचा पंप गळत असतो, अंगातला सदरा भिजलेला असतो आणि तोच संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती तत्काळ झालेली विषबाधा होती, कीटकनाशकं वेगळी होती, तिचा पार्किन्सनशी संबंध जोडू नये. पण विष आणि कातडी यांच्यामध्ये आपल्याकडे किती कमी काही असतं, हे त्या पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. म्हणूनच ‘जीवनशैली’ हा शब्द मला इथे सलतो. शैली माणूस निवडतो. रोजंदारीवर फवारायला जाणाऱ्याने काय निवडलेलं असतं? अमेरिकेतल्या कँप लेज्यून या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत ट्रायक्लोरोएथिलीन हे वंगण धुणारं द्रव्य मिसळत होतं. तिथे राहिलेल्या सैनिकांत पुढे पार्किन्सन ७० टक्के जास्त आढळला. त्यांनी फक्त नळाचं पाणी प्यायलं होतं.

डोक्याच्या माराचंही असंच आहे. अमेरिकी माजी सैनिकांत साधा, सौम्य मारही पुढचा धोका निम्म्याहून अधिक वाढवताना दिसला. आणि अल्फा-सायन्यूक्लीनच्या जनुकाआधीचा एक तुकडा ज्यांच्यात लांब असतो, त्यांना मार जास्त भोवतो असंही एका अभ्यासात निघालं. दुचाकीवर हेल्मेट घालायला आणखी एक कारण.

निवडता येण्यासारख्या गोष्टींत कॉफीची कथा मोठी आहे. होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या ८००४ पुरुषांवर तीस वर्षं नजर ठेवली गेली. कॉफी न पिणाऱ्यांत पार्किन्सन, भरपूर पिणाऱ्यांच्या तुलनेत पाच पट दिसला. नंतरच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण सौम्य झालं, पण दिशा तीच राहिली, आणि श्रेय कॅफीनकडे जातं. कॅफीन चहातही असतं, तेव्हा आपल्याकडच्या दोन वेळच्या चहाबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण आजार झाल्यावर कॅफीन देऊन पाहिलं तेव्हा लक्षणांत फरक पडला नाही. धोका कमी असणं वेगळं आणि औषध असणं वेगळं.

सिगारेटबद्दल बोलायला नको वाटतं, पण लपवणं बरोबर नाही. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन कमी दिसतो आणि ही गोष्ट वारंवार दिसली आहे. यावरून कोणी तंबाखूकडे वळू नये. एक तर ज्यांचं डोपामिन आधीच घटू लागलं आहे त्यांना व्यसन कमी जडतं आणि लवकर सुटतं, म्हणजे कार्यकारणभाव उलटाही असू शकतो. दुसरं, निकोटीनच्या पट्ट्या वर्षभर लावून केलेल्या चाचणीत आजाराची गती कमी झाली नाही. आणि तिसरं, तंबाखू ज्या आजारांनी मारते ते पार्किन्सनपेक्षा कितीतरी लवकर येतात.

व्यायामाबद्दल मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. नियमित, दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत हा आजार कमी होतो असं दीर्घकाळच्या पाहण्यांत दिसत आलं आहे. आजार झाल्यावरही उपयोग दिसतो. २०१८ मध्ये अमेरिकेत, औषध अजून सुरू न केलेल्या १२८ रुग्णांची चाचणी झाली. जे ट्रेडमिलवर हृदयाची गती कमालीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेत होते, त्यांची लक्षणं सहा महिने जवळजवळ जागच्या जागी राहिली. नेहमीसारखे राहणाऱ्यांची वाढली. ब्रिन यांनीही आपल्या जनुकाची बातमी सांगताना व्यायामाचाच आधार घेतला होता.

जनुकं आणि जगणं यांचा गुंता आपल्या घराजवळ पाहायचा तर मुंबईतल्या पारशी बागांत, म्हणजे पारशी वसाहतींत, जावं लागतं. नदीर भरुचा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १४,०१० पारशी रहिवाशांची दारोदार पाहणी केली आणि १९८८ मध्ये ती प्रसिद्ध केली. लाखात ३२८ रुग्ण! भारतात मोजल्या गेलेल्या प्रमाणांत हे सगळ्यात वरचं. यातला बराच भाग वयाचा आहे, कारण या समाजात वृद्ध खूप आहेत, आणि वय हा पार्किन्सनचा सगळ्यात मोठा धोका आहे. पण शतकानुशतकं आपसात लग्नं करणारा लहान समाज, एकसारखं खाणंपिणं, एकाच शहराची हवा, आणि अग्नी पवित्र मानल्यामुळे धूम्रपानाला धर्मानेच मनाई. यातलं कोणतं किती जबाबदार हे वेगळं काढायचं कसं? एका बागेत राहणाऱ्या एका समाजात वंश आणि जगणं इतकं एकमेकांत विणलेलं असतं की एक धागा ओढला की दुसरा हलतो.

आता त्या मुलीकडे. कोणाही माणसाला आयुष्यात पार्किन्सन होण्याची शक्यता एक ते दोन टक्के असते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर ती साधारण दुप्पट-तिप्पट होते. म्हणजे शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणींना तो होणार नाही. वडिलांना साठीनंतर झाला असेल आणि घरात दुसरं कोणी नसेल, तर जनुकचाचणीतून तिला फारसं काही कळणारही नाही. वडिलांना चाळिशीच्या आत झाला असता, किंवा आत्या आणि आजीलाही असता, तर समुपदेशकाशी बोलून चाचणीचा विचार करणं योग्य ठरलं असतं. तिने रोज भरभर चालावं, डोकं जपावं, चहा सोडू नये.

आणि केसपेपरवर ‘घरात कोणाला होता’ याच्या शेजारी आणखी दोन ओळींची जागा असावी, असं मला फार वाटतं. वडील शेतात फवारायचे का, किती वर्षं, हातमोजे घालून की नुसत्या हातांनी? आणि प्यायचं पाणी कुठून यायचं, शेताकडेच्या विहिरीतून का? मुलगी या प्रश्नांची उत्तरं देऊ शकते. वडील पंप भरायचे तेव्हा ती बांधावर बसलेली असायची.